तंजावरास गेलेला माणूस

‘तंजावरास गेला’ असा एक वाक्प्रचार आमच्या घरात फार दिवसांपासून चालत आलेला आहे. शेजारी उसने नेलेले पातेले परत आले नाही, बाजारात धाडलेला मुलगा दिवेलागणीपर्यंत घरी फिरकला नाही, किंवा कोणी पुस्तकात डोके खुपसून जेवणाची हाकही ऐकेनासा झाला, म्हणजे माझी आजी म्हणावयाची, “तो काय आता, तंजावरास गेला!” पुढे मोठेपणी मी हा वाक्प्रचार निरनिराळ्या कोशांत धुंडाळला, परंतु तो कोठेही आढळला नाही. तो आमच्या घरापुरताच होता, आणि त्याच्या मुळाशी एक खराखुरा माणूस होता. आमच्या खापरपणजोबांचे धाकटे बंधू, अक्षर उत्तम म्हणून, कारकुनीच्या आशेने दक्षिणेत तंजावरास गेले, ते पुन्हा परतले नाहीत. त्यांची दोन पत्रे मात्र आली होती, आणि ती माळ्यावरच्या शिसवी पेटीत आहेत, असे आजी सांगे.

त्या पेटीचे पुढे काय झाले हे सांगताना आजही मला संकोच वाटतो. १९७८ साली वाड्याची वाटणी झाली आणि माळा रिकामा करण्याचे काम आम्हां मुलांकडे आले. पेटीत मोडी कागदांची गाठोडी होती. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. तीन पोती कागद मी व माझ्या चुलतभावाने सायकलवर लादून रद्दीच्या दुकानी पोहोचविले, आणि आलेल्या पैशांत सर्व भावंडे उसाचा रस प्यालो. संध्याकाळी आजीने विचारले, “अरे, तंजावरची पत्रे त्यात नव्हती ना?” कोणालाच उत्तर देता येईना, कारण त्यात काय होते हेच कोणाला ठाऊक नव्हते. आजी अधिक काही बोलली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे मला त्यानंतर पुष्कळदा वाटले आहे.

माझे सारे आयुष्य हिशेबतपासणीच्या नोकरीत गेले. निवृत्तीनंतर काय करावयाचे याचा विचार मी कधी केला नव्हता. पहिला महिना झोपेत गेला, दुसरा वर्तमानपत्रे वाचण्यात, आणि तिसरा घरातील प्रत्येकाच्या कामातील चुका काढण्यात. चौथ्या महिन्यात आमच्या मंडळींनी एके दिवशी स्पष्टच सांगितले, “अहो, तुम्हांला तपासायचेच असतील तर दुसऱ्या कोणाचे तरी हिशेब शोधा. माझे आता पुरे झाले.” हा टोला वर्मी बसला. त्याच आठवड्यात मोडी लिपीचा एक सायंवर्ग सुरू होत असल्याचे वाचनात आले, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पाटी-पेन्सिल नव्हे, तरी वही घेऊन पुन्हा शाळेत जाऊन बसलो.

मोडी ही हात न उचलता लिहिण्याची लिपी आहे. आधी कागदभर आडव्या रेघा ओढावयाच्या, आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघांना अक्षरे टांगीत जावयाचे. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. पहिले पंधरा दिवस मला त्या कागदांवर विस्कटलेल्या सुताच्या गुंत्यापलीकडे काहीही दिसले नाही. मग एके रात्री एक शब्द निर्विवाद लागला. तो शब्द होता ‘गूळ’. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की मंडळी धावत आल्या. दोनशे वर्षांपूर्वी कोणी तरी गूळ विकत घेतला, एवढ्याच वार्तेने एखाद्या मनुष्यास इतका आनंद व्हावा हे त्यांस विलक्षण वाटले. आणि खरे सांगावयाचे तर मलाही वाटले.

चुलतभावाच्या कपाटात एक गाठोडे शिल्लक होते. ते पेटीच्या तळाशी अंथरलेले असल्यामुळे त्या दिवशी पोत्यात गेले नव्हते. ते मी चार महिन्यांत वाचून काढले. त्यात सारे घरखर्चाचे हिशेब निघाले. तंजावरचे नावही नव्हते. तेव्हा मी मनाशी म्हटले, पत्रे गेली तर गेली. जेथून ती आली ते गाव तर अजून जागेवर आहे. मंडळींनाही सोबत येण्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “नुसते देऊळ पाहून आणि हात जोडून परत यायचे असेल तर मी घरीच बरी. काही काम काढून जाणार असाल तर येते.”

हे वाक्य मी पुढे पुष्कळ घोळले. आपल्यापैकी बहुतेक जण प्रवासास निघतात ते सर्व कामे घरी ठेवून. चार दिवस गेले की स्थळे पाहून डोळे थकतात, हॉटेलातील अन्न नकोसे होते आणि परतीच्या तिकिटाकडे लक्ष लागते. याउलट, ज्याच्या पिशवीत एखादे लहानसे, विक्षिप्त का होईना, पण स्वतःचे काम आहे, त्याला परका गाव परका राहत नाही. मी या प्रवासात जे थोडेबहुत शिकलो ते इतकेच आहे. बाकीचा वृत्तांत त्याचा दाखला म्हणून सांगतो.

पुण्याहून सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल या मार्गाने चेन्नईस गेलो. तेथून तंजावर आगगाडीच्या जुन्या मार्गाने सुमारे ३५० किलोमीटर आहे. रात्रीच्या गाड्या पुष्कळ. आम्ही मुद्दाम दिवसाची धरली. पोंगल आटोपून चार दिवस झाले होते. चिदंबरम मागे पडल्यावर कोळ्ळिडम नदीचा लांबलचक पूल लागला. कावेरीचाच हा उत्तरेकडील फाटा. याच नदीच्या काठी, वरच्या बाजूस, १६७७ साली शिवछत्रपती व त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांची भेट झाली होती. दोघां भावांत पित्याच्या दौलतीच्या वाटणीचा वाद होता, आणि ती भेट गोडीने संपली नाही. “म्हणजे वाटणीचे भांडण थेट त्यांच्याही घरी होतेच,” मंडळी म्हणाल्या, आणि आम्हां दोघांनाही आमचा माळा आठवला.

पूल ओलांडल्यावर देशाचे रूपच पालटले. जिकडे पाहावे तिकडे पिवळी पडत चाललेली भाताची शेते, मध्ये पाण्याचे पाट, बांधावर नारळी, आणि प्रत्येक वस्तीच्या डोक्यावर एक गोपुर. घाटावरील कोरड्या माळरानांवर वाढलेल्या मराठी माणसास या भूमीचा मोह का पडला असेल हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारल्यावर कंपनी सरकारने राज्य खालसा केले. म्हणजे मराठ्यांचे हे दूरचे घर सुमारे एकशे ऐंशी वर्षे नांदले.

तंजावरास उतरल्यावर पहिले दर्शन अर्थातच बृहदीश्वराचे. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले हे देवालय, दोनशे फुटांहून उंच असे त्याचे ग्रॅनाइटचे शिखर आणि एकाच शिळेतून घडविलेला प्रचंड नंदी यांची वर्णने वाचकांनी अन्यत्र वाचली असतील. मी त्यांची पुनरुक्ती करीत नाही. मला जे सांगावयाचे आहे ते मुख्य देवळापासून दूर, नैऋत्येकडील प्रदक्षिणेच्या ओवरीच्या भिंतीवर आहे. तेथे भोसलेकुळाचा संपूर्ण इतिहास मराठी भाषेत व देवनागरी अक्षरांत कोरलेला आहे. सरफोजीराजांच्या आज्ञेने १८०३ साली तो कोरविण्यात आला. लेख इतका लांब की एका भिंतीवरून दुसरीवर जाताना मान अवघडते. तमिळनाडूच्या अंतर्भागात, चोळांच्या देवळात, आपल्या मायबोलीची ओळीमागून ओळ चालत जाते हे पाहून मन चमत्कारिक होते. मी बोट धरून सावकाश वाचीत होतो. मागे एक तमिळ कुटुंब येऊन उभे राहिले. त्यातील लहान मुलीने इंग्रजीत विचारले, “हे काय लिहिले आहे?” मला जमेल तसे मी सांगितले. तिचे वडील म्हणाले, आम्ही दरवर्षी येथे येतो, पण ही भिंत बोलते हे आज कळले. हिशेबतपासनिसाच्या जन्मात असे उद्गार माझ्या वाट्याला कधी आले नव्हते.

ज्या सरफोजीराजांनी हा लेख कोरविला त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी त्यांस दत्तक घेतले, आणि श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. १७९८ मध्ये ते गादीवर आले. पण लगेच १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला व त्याभोवतीचा थोडा प्रदेश, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक व वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. बाविसाव्या वर्षी हा राजा एक प्रकारे निवृत्त झाला! हाती पैसा मुबलक, काम काही नाही. अशा स्थितीत अनेक संस्थानिकांनी जे केले ते त्यांनीही केले असते तर कोणी नवल मानले नसते.

त्यांनी केले ते निराळेच. त्यांनी वाचावयास आरंभ केला. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ त्यांनी मागविले, आणि पुष्कळांवर स्वतःच्या हाताने इंग्रजीत सही केली. डॉक्टर जॉन्सनचा १७८४ सालचा इंग्रजी कोश त्यांच्या संग्रहात आजही आहे. राजवाड्यात त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. तेथे १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बाळबोध मुक्तावली’ छापून निघाले. ‘धन्वंतरी महाल’ स्थापून देशी व विलायती औषधांचे प्रयोग चालविले. नेत्ररोग्यांच्या तपासणीच्या नोंदी व रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांच्या काळची शिल्लक आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक त्यांनी रचले. त्यात भविष्य सांगत फिरणारी कुरवंजी पृथ्वीवरील खंडे, देश व नगरे यांचे वर्णन करते. भूगोल नाटकातून शिकविण्याची ही कल्पना आजच्या शिक्षकांनीही हेवा करावा अशी आहे. पुढे १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार माणसे बरोबर घेऊन ते काशीयात्रेस गेले, आणि परतताना गंगाजळाबरोबर हस्तलिखितेही घेऊन आले. यात्रेस जाताना त्यांनीही काम बरोबर नेले होते, हे मला येथे नमूद करावेसे वाटते.

हे सर्व रयतेच्या वसुलातून झाले, आणि ज्याचे राज्य दुसऱ्याने उचलले त्याला ग्रंथ जमविण्यास सवड मिळाली यात भूषण मानण्यासारखे काही नाही, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. तथापि मिळालेल्या रिकामपणाचे काय करावे हा प्रश्न राजाप्रमाणेच पेन्शनरासही असतो, आणि त्यांनी दिलेले उत्तर दोनशे वर्षे टिकले आहे.

ते उत्तर म्हणजे राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय. मूळ संग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. मराठा राजांनी तो वाढविला, आणि सरफोजीराजांनी त्यास आजचे रूप दिले. तंजावर जिल्ह्यात न्यायाधीश असलेल्या बर्नेल नावाच्या इंग्रजाने येथील संस्कृत पोथ्यांची सूची १८८० साली प्रसिद्ध केली तेव्हा विद्वान जगाचे डोळे उघडले. १९१८ साली ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. आज तेथे हस्तलिखितांची संख्या पन्नास हजारांच्या घरात आहे. बहुतांश संस्कृत, काही हजार तमिळ, तेलुगू शेकड्यांनी, आणि मराठी सुमारे तीन हजार. याशिवाय राज्यकारभाराच्या मोडी कागदांचे तेराशेंहून अधिक रुमाल आहेत ते निराळेच.

आत पाऊल टाकताच मंडळी थबकल्या. “अहो, हा तर आमच्या आजीच्या कपाटाचा वास!” म्हणाल्या. आणि ते खरेच होते. कसर लागू नये म्हणून वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी यांची पूड कापरासह फडक्यात बांधून त्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवण्याची जुनी रीत येथे आहे. ताडपत्रे पाहिली. लोखंडी कंटकाने अक्षरे कोरावयाची, वरून काजळी चोळावयाची, म्हणजे कोरलेल्या जागी काळी अक्षरे उमटतात. मंडळींचे लक्ष मात्र ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या राजांच्या मुदपाकखान्याच्या ग्रंथाने वेधून घेतले. त्याची छापील प्रत घेऊन त्या एका बाकावर ज्या बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. ‘तंजावरास गेल्या’ असे मी मनात म्हटले.

मी अर्ज करून मोडी कागद पाहण्याची परवानगी मिळविली. शेजारच्या टेबलावर एक तमिळ तरुण बसला होता. कावेरीच्या पाटबंधाऱ्यांचा जुना इतिहास हा त्याचा अभ्यासाचा विषय. आणि ते कागद मोडीत असल्यामुळे तो मोडी शिकला होता. त्याचे अक्षरज्ञान माझ्याहून सरस. पण मराठी भाषा त्याला बेताची. मला भाषा येते, पण तेथील वळणाचे अक्षर लागेना. थोड्याच वेळात आमची भागीदारी जमली. अक्षर त्याने लावावे, अर्थ मी सांगावा. तो अडखळत वाची, “मो-दी-खा-ना,” आणि मी म्हणे, “मोदीखाना, म्हणजे धान्याचे कोठार.” त्याच्या चेहऱ्यावर जे हसू फुटे ते माझ्या ‘गुळा’च्या रात्रीचे होते.

चार दिवस आम्ही असे वाचले. बहुतेक कागद रोजच्या खर्चाचे. कोठे वाड्यातील शिधा, कोठे गवंड्यांची मजुरी, कोठे छत्रांची बेरीज. ही छत्रे म्हणजे रामेश्वराच्या वाटेवरील धर्मशाळा व अन्नछत्रे. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे बांधलेले मुक्तांबाळ छत्र विशेष प्रसिद्ध आहे. तेथे यात्रेकरूंस भोजन, आजाऱ्यास औषध व मुलांस शिक्षण मिळत असे. त्या काळी रामेश्वरास गेलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कितीएकांनी अशा छत्रात पोटभर जेवून पुढची वाट धरली असेल! आमच्या पूर्वजांचा मात्र पत्ता लागला नाही. त्यांच्या नावाचे कारकून दोनदा आढळले. पण आडनाव नाही, गाव नाही. चार दिवसांत चार रुमालही पुरते झाले नव्हते, आणि मागे तेराशे होते.

पाचव्या दिवशी तो तरुण म्हणाला, “सार, माझ्या मित्राच्या आजीकडे एक मोडी कागद आहे. मी वाचतो म्हटले तर त्या देत नाहीत. मराठी माणसालाच दाखवीन म्हणतात.” आम्ही तिघेही निघालो.

राजवाड्याजवळच्या एका गल्लीतील ते जुने घर होते. दारात तमिळ पद्धतीचे कोलम, आत झोपाळा, आणि भिंतीवर सोन्याच्या वर्खाचे तंजावरी चित्र. त्या घरच्या आजीबाई पंचाऐंशीच्या पुढच्या. सर्व जण त्यांस अक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज आठ-नऊ पिढ्यांमागे महाराष्ट्र सोडून आलेले. शेजारपाजारचे लोक त्यांना ‘रायर’ म्हणतात. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे याच तंजावरी मराठी समाजातले. अक्कांची मराठी प्रथम कानाला अनोळखी वाटली. मध्येच तमिळ शब्द येत, सूर तिकडचा. पण त्यातून अधूनमधून असा एखादा जुना शब्द निघे की तो माझ्या आजीनंतर मी ऐकलाच नव्हता. “आमची मराठी ऐकून हसाल तुम्ही,” त्या म्हणाल्या. “सासू मात्र सांगून गेली, चुलीपाशी तरी हीच बोला.” जेवणात सांबार होते, त्याला त्या ‘अंबट वरण’ म्हणत, आणि डांगर पच्चडी होती. मंडळींनी दोन्हींची कृती विचारून घेतली.

जेवणानंतर अक्कांनी देवघरातून चंदनाची एक पेटी आणविली. आत हळदी-कुंकवाने माखलेला, घड्या पडलेला एकच कागद. दक्षिणेत समर्थ संप्रदायाचे मठ पूर्वीपासून आहेत. सज्जनगडावरील राममूर्तीही तंजावरास घडविलेल्या, अशी त्या संप्रदायाची परंपरा सांगते. अक्कांच्या घरी असे मानीत की, समर्थांच्या एका शिष्याने त्यांच्या मूळ पुरुषास लिहून दिलेला उपदेश म्हणजे हा कागद. चार पिढ्या रामनवमीस त्याची पूजा होत आली होती. “वाचून दाखवा,” अक्का म्हणाल्या. “काय सांगितले आहे ते एकदा कळले म्हणजे मी मोकळी.”

मी व तो तरुण ओसरीच्या उजेडात बसलो. पहिली ओळ लागली आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुन्हा वाचली. शंका उरली नाही. तो कर्जरोखा होता. अक्कांच्या पूर्वजाने एका सावकाराकडून वीस चक्रम् घेतले होते. चक्रम् हे तिकडचे जुने नाणे. मुदत, व्याज, साक्षी, सर्व यथासांग. उपदेशाचे एक अक्षर त्यात नव्हते.

आता काय करावे? देवघरातून निघालेली वस्तू कर्जरोखा म्हणून परत करावी, की चार गोड शब्द मनाचे जोडून द्यावे? अक्कांना ते कळण्याचा संभव नव्हता. तो तरुण खाली पाहत होता. त्याने निर्णय माझ्यावर सोपविला होता. मला आमची तीन पोती आठवली. त्या कागदांत काय होते हे आजीला सांगता आले नाही, कारण आम्हांला माहीत नव्हते. येथे माहीत असून न सांगणे हा दुसरा अपराध झाला असता. मंडळी हळूच म्हणाल्या, “खरे तेच सांगा. पण सावकाश सांगा.”

मी सांगितले. अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती. मग त्यांनी विचारले, “फिटले का?”

मी कागद पुन्हा उजेडात धरला. माथ्यापासून मध्यापर्यंत तो सरळ फाडलेला होता आणि मागून कोणी तरी पट्टी चिकटविली होती. कर्ज फिटल्यावर रोखा फाडून ऋणकोस परत देण्याची चाल असे. “होय अक्का,” मी म्हणालो, “फाडलेला आहे. फिटले.”

अक्का हसल्या. दात नसलेले ते मोकळे हसू होते. “मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “परक्या मुलखात आला, कर्ज काढले, आणि फेडले. रामदासांनी तरी याहून निराळे काय सांगितले असते?” त्यांनी कागद घडी करून पेटीत ठेवला आणि पेटी पुन्हा देवघरात धाडली. निघताना त्यांनी एक गोष्ट विचारली: लिहिले कोणी? रोख्याच्या शेवटी लिहिणाऱ्याचे नाव होते, परंतु ते नेमके कसरीने खाल्ले होते. ‘पंत’ एवढेच उरले होते. मंडळी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “अक्षर किती सुरेख आहे, पाहिलेत ना?” त्यांच्या मनात काय होते ते मी ओळखले. मी होय म्हटले नाही, आणि नाहीही म्हटले नाही.

परत येताना गाडीत माझा हिशेब मी मांडून पाहिला. ज्या कामासाठी गेलो ते झाले नाही. पूर्वज सापडले नाहीत आणि गेलेली पत्रे परत आली नाहीत. तरीही आयुष्यात इतका समाधानाचा प्रवास मी केला नव्हता. मोडी शिकलो नसतो तर तो तरुण माझ्या शेजारी बसून निघून गेला असता. तंजावरास गेलो नसतो तर मोडी माझ्या वहीतच राहिली असती. आणि वाचनाची थोडीफार गोडी नसती तर या दोहोंतले काहीच सुचले नसते. प्रवास, एखादे आडवळणाचे काम आणि वाचन या तीन गोष्टी निरनिराळ्या घेतल्या तर प्रत्येकीचा कंटाळा येऊ शकतो. एकत्र आल्या म्हणजे एक दुसरीस कंटाळू देत नाही, असा माझा अनुभव आहे.

वाचकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. आपल्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, देवघराच्या मागे मोडी कागद असतील. त्यात बहुधा गूळ, मजुरी आणि कर्ज यांपलीकडे काही निघणार नाही. तरीही ते वाचल्यावाचून रद्दीत घालू नका. वाचणारे अजून आहेत. शिकविणारेही आहेत. २०१४ साली मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तेव्हा संगणकावरही तिला आता जागा झाली आहे. आणि घरात कोणी नुकताच निवृत्त झालेला असेल, सर्वांच्या कामात चुका काढीत बसला असेल, तर ते गाठोडे त्याच्या पुढ्यात ठेवून पाहा.

हल्ली दर रविवारी सकाळी ओळखीचे लोक आपापले कागद घेऊन माझ्याकडे येतात. परवा असाच एक जमाखर्च लावीत बसलो होतो. जेवणाची हाक दोनदा आली, ती मला ऐकू आली नाही. मग स्वयंपाकघरातून नातीचा आवाज आला, “आजी, तू वाढून घे. आजोबा तंजावरास गेलेत.”